गोटखिंडे सरांचा उरलेला शब्द

झटका आल्यानंतर गोटखिंडे सर पहिल्यांदा बोलले ते मिरजेच्या रुग्णालयात, सकाळच्या राउंडला, डॉक्टर, नर्स आणि शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांच्या देखत.

"काय सर, आज कसं वाटतंय?" डॉक्टरांनी सवयीने विचारलं. उत्तराची अपेक्षा कुणालाच नव्हती. सरांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा पार गेली होती. पण त्या सकाळी सरांनी मान वळवली, ओठ जुळवले, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या जुन्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"रांडेच्या!"

छतातल्या यंत्राचा दिवा पिवळा झाला आणि टिंग असा आवाज आला.

मालनताईंना आधी वाटलं, दुसरंच कुणीतरी बोललं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून त्यांनी कधी 'गाढवा'सुद्धा ऐकलं नव्हतं. त्यांनी सरांकडे बघितलं. सर स्वतःच डोळे विस्फारून बघत होते. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, काहीतरी समजावून सांगायचं होतं त्यांना, आणि पुन्हा तोच शब्द बाहेर आला. मग सरांनी डाव्या हाताने आपलं तोंड गच्च दाबून धरलं.

नर्स खाली मान घालून सलाइनची नळी तपासत राहिली. मागे कुणीतरी कुजबुजलं, "हे तेच ना? शिवीबंदीवाले?"

हो, हे तेच. भालचंद्र गोटखिंडे. त्यांचे वडील सांगलीच्या हळदीच्या बाजारात पोती उचलायचे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आईला शिव्या घालायचे. शाळेत मास्तर झाल्यावर सर मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "शिवी कुणालाही द्या, लागते ती बाईलाच." आधी त्यांनी आपली शाळा शिवीमुक्त केली, मग तालुका, मग जिल्हा. वाणीसंयम कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीतही सर होते. चौकाचौकात, बसमध्ये, दवाखान्यात यंत्रं बसली. लोक त्यांना नुसतं 'कान' म्हणत. कानाने शिवी पकडली की पहिल्यांदा ताकीद, आणि वर्षाच्या आत पुन्हा पकडली की संयमिका लावण्याची सक्ती.

संयमिका म्हणजे कानामागे बसवायची नखाएवढी पट्टी. लोक तिला चिमटा म्हणत. बसचे वाहक आणि पोलीस ती नोकरीवर असताना लावतच असत. जीभ हलायच्या आधी मेंदूत शिवीची जी उसळी येते ती हा चिमटा ओळखायचा आणि एक सौम्य लहर सोडायचा. शब्द आतल्या आत विरून जायचा. दुखत नसे, खुपत नसे. शिंक येता येता राहावी तसं वाटतं, असं लोक सांगत.

आजाऱ्यांना यातून सूट द्यावी, असं एक कलम मूळ मसुद्यात होतं. "मग जो तो डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येईल," असं म्हणून ते काढायला लावलं ते सरांनीच.

त्या दिवशी दुपारी रुग्णालयाने मालनताईंच्या फोनवर ताकीद पाठवली. पहिली. त्यानंतर घरी आणेपर्यंत सरांनी ओठ उघडलेच नाहीत.

*

नसीम मुजावर ही तिथली वाचा-उपचारतज्ज्ञ. तिशीतली, हसतमुख, पण बोलायला स्पष्ट. तिने मालनताईंना कँटीनमध्ये नेऊन समोर बसवलं.

"काकू, सरांच्या मनात ती शिवी नाही. आधी हे डोक्यातून काढा."

"मग तोंडात कशी आली?"

"आपण बोलतो ना, ते बोलणं मेंदूची डावी बाजू रचते. शब्द शोधायचा, जुळवायचा, जिभेवर पाठवायचा. सरांचा तो कारखानाच बंद पडलाय. पण काही शब्द आपण रचत नाही, ते अख्खे पाठवले जातात. ठेच लागली की 'आई गं', पाठ केलेली स्तोत्रं, अंक, आणि शिव्या. यांचं कोठार वेगळं आहे, खोल आणि उजव्या अंगाला. ते सरांचं शाबूत आहे. लहानपणी जे रोज कानावर पडलं, ते तिथं जाऊन बसलेलं असतं."

"म्हणजे सासऱ्यांची शिवी."

"असेल. पण माझ्या दृष्टीने ती शिवी नाही, दार आहे. एखादा शब्द आपोआप निघतो, तोच त्यांना मुद्दाम म्हणायला शिकवायचा. तो काबूत आला की त्याच्या आडोशाने दुसरा, मग तिसरा. सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू नव्या वाटा पाडतो. पुढे जमीन घट्ट होत जाते. एवढंच करा काकू, चिमटा लावू देऊ नका. तो नेमकं हेच दार बंद करतो."

मालनताईंनी मान हलवली. त्यांच्या घराच्या फाटकासमोरच्या कोपऱ्यावर एक कान उभा होता. सरांनी मोठ्या हौसेने बसवून घेतलेला.

*

सरांना घरी आणल्यापासून मालनताईंनी रस्त्याकडच्या खिडक्या उघडल्याच नाहीत. एप्रिलचा सांगलीचा उन्हाळा, आत भट्टी. सर पाणी मागायला जात आणि तोंडातून तोच शब्द निघे. उशी सरळ कर म्हणायला जात, तोच शब्द. प्रत्येक वेळी डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेत. नसीम आठवड्यातून दोनदा येई, पाटीवर तो शब्द लिही आणि म्हणे, "वाचा सर." सर भिंतीकडे तोंड फिरवत.

"मुद्दाम म्हणत नाहीत तोवर काही होणार नाही," ती जाताना म्हणाली.

त्या दुपारी मालनताई पाटी घेऊन नवऱ्यासमोर बसल्या. त्या कवठ्याच्या. माहेरी म्हशीला, पावसाला, भावाला शिवी दिल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. लग्न झाल्यावर नवऱ्याने एकदाही आवाज न चढवता, नुसतं भुवया वर करून, ती भाषा बंद पाडली होती. त्यांनी पाटी वर धरली आणि म्हणाल्या,

"रांडेच्या."

सरांनी चमकून बघितलं.

"आता तुम्ही. आपोआप नाही, ठरवून. हं. मला वाईट वाटणार नाही. मला तुम्ही मुके झालेले बघवत नाही, तेवढंच वाईट वाटतंय."

सरांचे डोळे भरून आले. बऱ्याच वेळाने त्यांनी पाटीकडे बघत, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखा, तो शब्द म्हटला. मालनताईंनी पुसला. पुन्हा लिहिला. सरांनी पुन्हा म्हटला. काही दिवसांनी नसीमने शब्दाचा सुरुवातीचा भाग हाताने झाकला आणि शेवटचं अक्षर तेवढं उघडं ठेवलं.

"च्या," सर म्हणाले.

"काय हवंय सर?"

"च्या." आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

मालनताई धावतच आत गेल्या. त्यांनी पातेलं चढवलं. शाळेत पोरांना "च्या नव्हे, चहा म्हण" असं हजारदा सुधारणारा माणूस हळदीच्या बाजारातल्या हमालासारखा च्या मागत होता. त्या एका शब्दाने घरात तीन दिवस सण होता.

*

चौथ्या दिवशी पुण्याहून मुलगा आला, उदयन. त्याच्याबरोबर सरांच्या शिवीबंदी अभियानाचे सचिव पाटगावकर होते. सरांचे विद्यार्थी, नोकरी सोडून अभियानात आलेले. येताच त्यांनी सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"काकू, राज्य सरकार सरांचा सत्कार करतंय. नाट्यगृहात. मंत्री येणार आहेत. सरांनी नुसतं बसायचं." त्यांनी खिशातून एक छोटी डबी काढून टीपॉयवर ठेवली. "फक्त हे लावून."

"नाही," मालनताई म्हणाल्या. "नसीम म्हणते, त्यानं नुकसान होईल."

उदयनने आईला बाजूला नेलं. "आई, नसीमताईंचं बरोबर असेल. पण आप्पांनी आयुष्यभर काय केलं ते बघ ना. कुणी मोबाइलवर ते टिपलं, तर उद्या अख्खा महाराष्ट्र हसेल. शिवीबंदीवाला मास्तर स्वतः शिव्या देतो म्हणून. आप्पांना हे चालेल?"

"त्यांना काय चालेल ते त्यांनाच विचारू."

मायलेकांनी वळून बघितलं. विचारायची गरजच राहिली नव्हती. सरांनी डाव्या हाताने डबी उघडली होती. पट्टी चिमटीत धरून, आरशाकडे न बघता, त्यांनी ती आपल्या कानामागे दाबून बसवली. मग त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. काहीच आलं नाही. सरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. झटका आल्यापासून पहिल्यांदाच ते खुर्चीत मागे टेकून बसले.

पाटगावकरांनी डोळे पुसले. मालनताईंनी रिकामी डबी मिटली. माणसाने स्वतःच्या हाताने लावलेली गोष्ट त्याच्या कानामागून कुठल्या हक्काने काढायची?

*

सत्कार झाला. टाळ्या झाल्या. घरी माणसांची रीघ लागली. सर स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात बसत, मान डोलवत. "काय शांती आहे चेहऱ्यावर," लोक म्हणत. खिडक्या उघडल्या. मालनताईंना हलकं वाटत होतं, हे त्यांना नाकारता येत नव्हतं.

पण 'च्या' गेला. चिमटा लावायच्या आधी पहाटे डोळे उघडल्यावर सर एक स्तोत्र गुणगुणत. शब्द अर्धेमुर्धे, पण चाल बरोबर. तेही गेलं. एकदा त्यांचा हात दारात सापडला, बोट काळंनिळं झालं, तरी तोंडातून हूं की चूं नाही. मालनताईंनी नसीमला फोन केला.

नसीमने सगळं ऐकून घेतलं. "मला हीच भीती होती. चिमट्याला शिवी कळत नाही काकू. त्याला उसळी कळते, त्या कोठारातून येणारी. धडधाकट माणसाला फरक पडत नाही, कारण 'वाचवा' म्हणायला त्याची डावी बाजू असते. शिवी अडली तरी तो दुसऱ्या शब्दाने ओरडू शकतो. सरांना दुसरी बाजूच नाही. अशा माणसावर हे कुणी तपासून बघितलेलंच नाही. मी रुग्णालयाला कळवते. तुम्ही काढा तो."

"ते काढू देत नाहीत गं. हात धरतात माझा."

नसीमने कळवलं. उत्तर आलं की कायद्यात तशी तरतूद नाही.

*

ते घडलं एका संध्याकाळी. मालनताईंनी सरांना न्हाणीत स्टुलावर बसवलं, गरम-गार पाणी जुळवून नळ पायांवर सोडला, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. गॅस बंद केला. तेवढ्यात फोन वाजला, कुणीतरी सत्काराबद्दल अभिनंदन करत होतं. बोलता बोलता त्यांची नजर बोळाकडे गेली. न्हाणीच्या दाराखालून वाफ येत होती.

गच्चीवरच्या टाकीतलं गार पाणी संपलं होतं. नळातून सोलरचं कढत पाणी तेवढं येत होतं, सरळ सरांच्या डाव्या पायावर, ज्या पायाला सगळं कळत होतं. उजव्या पायाचा आधार नव्हता, डावा उचलला की तोल जात होता, आणि नळापर्यंत हात पोचत नव्हता. डाव्या हाताने त्यांनी भिंतीवरची दांडी धरली होती, नाहीतर पडले असते. तोंड पूर्ण उघडं होतं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि आवाज नव्हता. काहीच नव्हता. नळाच्या धारेचा तेवढा.

मालनताईंनी नळ बंद केला, त्यांना मागे ओढलं, बादलीतलं गार पाणी पायावर ओतलं. मग कानामागे हात घालून तो चिमटा उपटून काढला.

घर हादरलं. सर ओरडले, तोच शब्द, पुन्हा, पुन्हा, पोटापासून. त्यात वेदना होती, आणि एवढा वेळ कुणी आलं नाही याचा संतापही होता. मालनताई त्यांना छातीशी धरून म्हणत होत्या, "ओरडा, ओरडा, सगळं ओरडा."

उघड्या झरोक्यातून तो आवाज कोपऱ्यापर्यंत गेला. टिंग. टिंग. टिंग.

*

दुसऱ्या दिवशी पाटगावकर नवी डबी घेऊन आले. बरोबर कायदा राबवणाऱ्या जिल्हा समितीचा एक कर्मचारी आणि रात्रीच्या गाडीने आलेला उदयन.

"काकू, मला हे करावं लागतंय. दुसरी नोंद झालीय. सरांनी तरी याला अपवाद केला असता का?"

कर्मचारी पुढे झाला. मालनताई नवऱ्याच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"हात लावून बघ तू त्यांना," त्या म्हणाल्या, आणि त्यापुढे कवठ्याचं असं काही म्हणाल्या की कर्मचारी जागीच थबकला. कोपऱ्यावरचा कान वाजला. "हं, वाजू दे. माझ्या नावावर लिही तो."

उदयनने आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग त्याचं लक्ष वडिलांच्या पायाकडे गेलं. बँडेज सैल होतं. खालची कातडी सोललेली दिसत होती. तो गुडघ्यावर बसला.

"आप्पा ओरडले नाहीत?"

"ओरडले रे," मालनताई म्हणाल्या. "चिमट्यानं बाहेर येऊ दिलं नाही."

उदयन उठला आणि पाटगावकरांकडे वळला. "समितीपुढे सुनावणी मागता येते ना? आणि तोवर सक्ती थांबते. मी मागतोय."

*

सुनावणीच्या खोलीत भिंतीवर कान होता, आणि टेबलावर डबी उघडून ठेवलेली होती. अध्यक्ष होत्या विभावरी उपळावीकर, निवृत्त न्यायाधीश. आत जाण्याआधी नसीमने मालनताईंना हळूच सांगितलं होतं, "चिमटा काढल्यापासून पुन्हा सराव सुरू केलाय, दोन-चार शब्द जमतात. पण दडपण आलं की कोठारातलंच आधी उसळतं. इथं तो शब्द निघाला, तर तिथल्या तिथं लावतील."

नसीमने सगळं समजावून सांगितलं. कारखाना, कोठार, उसळी. जळलेल्या पायाचे फोटो दाखवले.

पाटगावकर उठले. "आजाऱ्याला सूट दिली की उद्या जो तो चिठ्ठी आणेल. हे माझं म्हणणं नाही, सरांचं आहे. आणि संयमिका सरांनी स्वतःच्या हाताने लावली होती. काकूंनी सांगावं, हे खोटं आहे का?"

"खोटं नाही," मालनताई म्हणाल्या. "त्यांना लाज वाटत होती. माझ्या सासूबाईंना तोच शब्द ऐकत जगावं लागलं. तो आपल्या तोंडून निघतोय हे त्यांना सोसत नव्हतं."

"मग आजही त्यांची इच्छा तीच असेल," पाटगावकर म्हणाले.

उपळावीकरांनी चष्मा काढला. "ते इथंच बसलेत. आपण त्यांच्याबद्दल बोलतोय, त्यांच्याशी कुणी बोलत नाहीये. सर, तुम्हाला काय वाटतं? वेळ घ्या."

सरांनी डावा हात खुर्चीच्या हातावर रोवला. ओठ जुळले.

"रां—"

भिंतीवरचा दिवा पिवळा झाला. कर्मचाऱ्याने डबीकडे हात नेला. मालनताईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. सरांचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. तो अर्धा शब्द त्यांनी तसाच दातांत धरला, ओझ्याखाली वाकलेल्या माणसाने पोतं तोलून धरावं तसा. मग हळूहळू तो गिळला. दिवा विझला.

"शिवी," सर म्हणाले. प्रत्येक अक्षर वेगळं. "नको."

पाटगावकरांनी सुटकेचा श्वास घेतला. पण सरांचं संपलं नव्हतं. त्यांनी टेबलावरच्या डबीकडे बोट केलं.

"चिमटा... बी... नको."

मग उपळावीकरांनी स्वतः हात पुढे करून डबीचं झाकण लावलं.

"सक्ती स्थगित," त्या म्हणाल्या. "उपचार चालू आहेत तोवर. कायद्यातलं कलम परत आणणं माझ्या हातात नाही, ते मुंबईला ठरेल. पण मी लिहीन. या माणसाने आत्ता आपल्यासमोर जे करून दाखवलं, त्यालाच आपण संयम म्हणत होतो ना, पाटगावकर?"

पाटगावकर सरांसमोर येऊन उभे राहिले. "सर, मी तुमचंच शिकवलेलं बोलत होतो," ते म्हणाले. सरांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बाहेर उदयन गाडी आणायला गेला. व्हरांड्यात सर चाकाच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते, कुस्ती मारून आल्यासारखे दमलेले.

"‘नको’ पक्कं झालं," नसीम पाटी पुसत म्हणाली. "उद्यापासून ‘हवं’ घेऊ."

मालनताईंनी नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"त्याला वेळ लागेल गं," त्या म्हणाल्या. "ते त्यांना धडधाकट असतानाही कधी म्हणता आलं नाही."

सरांनी एक डोळा उघडून बायकोकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली.